रसाळ, बी विंग

वॉचमननं रजिस्टरात लिवलं : रसाळ, बी विंग, तिसरा मजला.
मला वाटलं, कवठ्याकडचं कुनी आसंल.
मंग कापडाचं गठुडं घिऊन खाली उतरला
सहा फुटाचा गोरा मानूस, पायात रबरी सपाता,
आन् म्हनला, रस्सेल.
आता रजिस्टर खोडायचं कुनी?
रसाळ तर रसाळ.

मानसापरीस त्येंची कापडं जास्त बोलत्यात.
बटनं समदी जाग्यावर. सोता शिवायचा,
दोरा मातूर निळा.
उजव्या बाहीला कायम पिवळा डाग.
मार्केट यार्डात हळद तपासायची नोकरी त्येची :
कांडी मोडायची, वास घ्यायचा,
पूड काचंत घालून उजेडाकडं धरायची.
डागाला साबन लावला तर लालभडक झाला,
दचकून शर्ट घिऊन पळत आला खाली.
मी म्हनलं, उनात टाका. ऊन खातंय हळदीला.
तवापास्नं तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत
एक शर्ट रोज उलटा टांगल्याला,
हात खाली सोडून.

मराठी तिनंच गोष्टींची :
बास. चालतंय की. किती फूट.
किती फूट हे पावसाळ्यात शिकला.
त्येच्या मुलखात समदं फुटात मोजत्यात म्हनं.
हितं किलो, लिटर, मीटरनं डोकं उठल्यालं,
एक कृष्णामाई तेवढी त्येच्या भाषेत वाढत व्हती.
रोज सकाळी वॉचमनला इचारायचा.
तेहतीस म्हटलं की हसायचा,
घरचं पत्र आल्यागत.

चव्वेचाळीसला हसला न्हाई.

तीन दिस लाईट न्हवती.
माजी इस्त्री कोळशाची, पन पुरात कापडं कोन घालतंय?
गाड्यावर ताडपत्री टाकून बसल्याली मी.
दिवस मावळताना आला, हातावर काळा कोट,
पेटीत दाबून आनल्याला, घड्या दगडागत बसल्याल्या.
वॉचमन हळूच म्हनला : आई गेली त्येची.
पेठनाका पान्याखाली, पुन्याला वाट न्हाई,
इमान कुठलं धरतोय.
तिकडं सकाळी अकराला माती,
म्हंजे हितं रातच्याला साडेनऊ.
फोनवर बघनार व्हता. फोन कुनाच्यातरी गाडीतनं
चार्ज करून आनल्याला.

कोळसा वल्ला. फुंकून फुंकून डोळं गेलं.
आवटीकाकूंनी देवघरातला कापूर आनून दिला
तवा कुठं पेटला.
वल्ला फडका हातरून कोटावर दाब दिला,
वाफ उठली,
आन् लांबच्या कुठल्यातरी कपाटाचा वास आला.
आतल्या खिशात कागूद व्हता, दुमडून चपटा झाल्याला.
उघडून मला वाचता आला नसता.
तरी उघडला न्हाई.
त्येच्यावरनंच इस्त्री फिरवली, हलक्या हातानं.

साडेनवाला जिन्यात बसला, तिथं रेंज येती म्हनून.
वर काळा कोट, टाय.
खाली हाफ चड्डी, त्याच रबरी सपाता.
फोनमदी मक्याचं रान, गाड्यांची रांग,
टोप्या हातात धरल्याली म्हातारी मानसं.
आमी चार पायऱ्या सोडून खाली उभी ऱ्हायलो,
मी, वॉचमन, आवटीकाकू मेनबत्ती धरून.
तिकडं गानं सुरू झालं,
काकूंनी डोक्यावरनं पदर घेतला.
कुत्र्यानं जांभई दिली.
मदीच चित्र थिजलं,
पाद्र्याचं तोंड उघडंच ऱ्हायलं,
आन् त्यो बी तसाच, फोन नाकाजवळ धरून.
मेन अंगठ्यावर सांडलं तरी
काकूंनी हात हलवला न्हाई.

सकाळी खाली आला, इचारलं, किती.
कोटाचं पंधरा.
त्येनं वीस ठेवलं. मी पाच परत दिलं.
पाचाचं नानं मुठीत धरून उभा ऱ्हायला,
जायना.
मंग म्हनला, किती फूट?
मी म्हनलं, कालच्यापेक्षा बोटभर कमी.
बोट त्येला कळलं न्हाई. मी दावलं.
चालतंय की, म्हनला,
आन् गाड्यावरच्या शर्टांकडं बघाय लागला.
ते अजून वल्लंच हैत, मी म्हनलं.
आदी ऊन पडू दे.